हातावरची गाठ मोजणारे डॉक्टर : क्लेमेन्स फॉन पिर्के

मंडळी, एप्रिल उजाडला की आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात निम्मे लोक शिंकत असतात आणि उरलेले निम्मे त्यांना कुठली गोळी चांगली ते सांगत असतात. "ऍलर्जी" हा शब्द आता इतका आपला झाला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. कुणाला शेंगदाण्याची, कुणाला धुळीची, कुणाला शेजाऱ्याच्या मांजराची, आणि काहींना तर कामाचीच! पण हा शब्द १९०६ सालापूर्वी जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हता, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे टीबीची टेस्ट. इकडे आल्यावर मुलांना शाळेत घालताना, हॉस्पिटलमध्ये किंवा डे-केअरमध्ये नोकरी धरताना, नाहीतर ग्रीन कार्डाच्या मेडिकलच्या वेळी आपल्यापैकी पुष्कळांनी ती करून घेतली आहे. हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुईने टोचायचं, दोन-तीन दिवसांनी परत जाऊन हात दाखवायचा, आणि नर्सबाईंनी छोट्या पट्टीने गाठ मोजायची. त्यातून आपल्या मंडळींचा हात बरेचदा फुगतो, आणि मग घरात एकदम काळजीचं वातावरण! "आपल्याला टीबी? कसं शक्य आहे? आणि कुणाला सांगू नका हं!"

हा शब्द आणि ही टेस्ट, दोन्हींचं मूळ एकाच माणसापाशी जातं. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के. शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्यांना दिसत नाही, पण ती चामडीवर उमटवता येते आणि पट्टीने मोजता येते, हे त्यांनी दाखवलं. शिवाय त्या मोजमापाचा अर्थ काय लावायचा आणि काय लावायचा नाही, हेही त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच बरंचसं सांगून ठेवलं होतं. म्हणूनच या वेळी त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

जहागीरदाराचा मुलगा

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शश्टेटन या गावी झाला. आज हे गाव व्हिएन्ना शहरातच सामावलं आहे. घराणं मूळचं बेल्जियममधलं, म्हणून आडनाव जरा फ्रेंच वळणाचं. वडील पेटर मोठे जमीनदार आणि ऑस्ट्रियाच्या संसदेचे सभासद. आई फ्लोरा व्हिएन्नातल्या नामांकित सावकारी घराण्यातली. धाकटा भाऊ ग्विडो पुढे अवकाशयानांच्या गणितासाठी प्रसिद्ध झाला. थोडक्यात, घर सुखवस्तू आणि हुशार.

अशा घरातल्या मुलाने धर्मगुरू व्हावं असा बेत होता. त्याप्रमाणे क्लेमेन्स इन्सब्रुकला धर्मशास्त्र आणि नंतर बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला तत्त्वज्ञान शिकले. पण मन रमेना. शेवटी त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि व्हिएन्ना, क्योनिग्सबर्ग असं करत १९०० साली ग्राझ विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. त्या काळी उमराव घराण्यातल्या मुलाने लहान मुलांचा डॉक्टर व्हावं हे काही फारसं प्रतिष्ठेचं मानलं जात नसे. बालरोग ही वैद्यकाची वेगळी शाखा तेव्हा नुकती कुठे उभी राहत होती.

ग्राझला त्यांना थिओडोर एशेरिश हे गुरू भेटले. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू ज्यांनी शोधला तेच हे एशेरिश. ते १९०२ मध्ये व्हिएन्नाला आले आणि पिर्के तिथल्या सेंट ऍना बालरुग्णालयात त्यांच्या हाताखाली काम करू लागले. १९०४ मध्ये पिर्के यांनी मारिया फान हुसेन यांच्याशी लग्न केलं. घरच्यांना हे लग्न मुळीच पसंत नव्हतं, आणि तो दुरावा पुढे कायम राहिला.

घोड्याच्या सीरमने विचारलेला प्रश्न

त्या काळी घटसर्पाने मुलं पटापट दगावत. १८९० च्या दशकात त्यावर नामी उपाय निघाला होता. घोड्याला घटसर्पाचं विष थोडं थोडं टोचायचं, घोड्याच्या रक्तात त्यावर उतारा तयार होतो, आणि ते सीरम आजारी मुलाला द्यायचं. मुलं वाचू लागली. पण काही मुलांना सीरम दिल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, अंगावर पित्तासारखं पुरळ उठायचं, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या.

पिर्के आणि त्यांचे तरुण हंगेरियन सहकारी बेला शिक यांनी अशा मुलांच्या नोंदी बारकाईने ठेवायला सुरुवात केली. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या मुलाला पूर्वी एकदा सीरम दिलं होतं त्याला दुसऱ्यांदा दिलं, की तोच त्रास आठ-दहा दिवसांनी नाही, तर काही तासांत किंवा त्याच दिवशी सुरू व्हायचा! सीरम तेच, मात्रा तीच, मूलही तेच. मग बदललं काय? पिर्के म्हणाले, बदललं ते मुलाचं शरीर. पहिल्या भेटीत त्याने त्या परक्या पदार्थाची ओळख पटवून घ्यायला आठ-दहा दिवस घेतले. दुसऱ्या भेटीत ओळख आधीपासूनच होती.

आज आपल्याला हे सहज पटतं. पण त्या काळी सगळा आजार जंतू किंवा त्याचं विष निर्माण करतं अशीच समजूत होती. जंतू अंगात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत जे दिवस जातात ते जंतूला वाढायला लागतात असं सगळे धरून चालले होते. सीरममध्ये तर वाढणारा जंतूच नव्हता, तरी दिवस लागतच होते! म्हणजे आजारातला मोठा वाटा आपल्या शरीराच्या उत्तराचा असतो. हा विचार इतका नवा होता की १९०३ मध्ये पिर्के यांनी तो लिहून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे सीलबंद पाकिटात ठेवला, म्हणजे पुढे कुणी वाद घालायला नको. १९०५ मध्ये पिर्के आणि शिक यांचं सीरमच्या आजारावरचं पुस्तक आलं.

देवीच्या लशीतही त्यांना हाच प्रकार दिसला. पहिल्यांदा देवी काढल्या की फोड यायला दिवस लागतात. पण पूर्वी देवी काढलेल्या माणसाला परत टोचलं तर दुसऱ्याच दिवशी तिथे लाली दिसते आणि लवकर विरूनही जाते.

या सगळ्याला नाव काय द्यायचं? प्रतिकारशक्ती म्हणावं तर सीरमच्या मुलाला त्रासच होत होता. अतिसंवेदना म्हणावं तर देवी काढलेला माणूस सुरक्षित होता. म्हणून जुलै १९०६ मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडून नवा शब्द सुचवला : ऍलर्जी, म्हणजे बदललेला प्रतिसाद. तो चांगला की वाईट, हे त्या शब्दात मुद्दाम ठेवलेलंच नव्हतं. एकदा भेट झालेलं शरीर पहिल्यासारखं राहत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पुढे लोकांनी त्या शब्दातला त्रासाचा अर्धा भाग ठेवला आणि बाकीचा टाकून दिला, ही गोष्ट वेगळी!

कॉख यांचं फसलेलं औषध

आता टीबीकडे वळू. त्या काळच्या व्हिएन्नात क्षय इतका होता की युरोपात त्याला व्हिएन्नाचा रोग असंच म्हणत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनला क्षयाचा जंतू शोधून काढला. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी क्षयावर औषध सापडल्याचं जाहीर केलं. ते म्हणजे ट्यूबरक्युलिन. क्षयाचे जंतू वाढवून, मारून, आटवून काढलेला त्यांचा अर्क. जगभरातून रोगी बर्लिनला धावले. पण काही महिन्यांतच भ्रमनिरास झाला. रोग बरा होत नव्हताच, उलट ज्यांच्या अंगात क्षय होता त्यांना या टोचणीने फणफणून ताप यायचा, आणि काही तर दगावले.

औषध फसलं, पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. निरोगी माणसाला त्या मात्रेने फारसं काही होत नाही, क्षय झालेल्याला मात्र होतं. म्हणजे हे निदानाला वापरता येईल. गुरांच्या तपासणीसाठी ते लवकरच सुरू झालंसुद्धा. पण माणसांत, आणि तेही लहान मुलांत, ताप आणणारी टोचणी द्यायची कशी?

पिर्के यांनी इथे आपला ऍलर्जीचा विचार लावला. शरीराला जंतूची ओळख आहे की नाही एवढंच तर विचारायचं आहे. त्यासाठी सगळ्या शरीरात औषध कशाला सोडायचं? चामडीच्या एका ठिपक्याला विचारलं तरी पुरे!

हातावरच्या तीन जागा

१९०७ मध्ये त्यांनी ही पद्धत बर्लिनच्या डॉक्टरांपुढे मांडली. मुलाच्या हातावर थोड्या अंतराने ट्यूबरक्युलिनचे दोन थेंब ठेवायचे. छोट्या टोकदार हत्याराने आधी मधल्या कोऱ्या जागेवर हलकेच खरवडायचं, आणि मग त्या दोन थेंबांतून तसंच खरवडायचं. रक्त येऊ द्यायचं नाही. एक-दोन दिवसांनी पाहायचं. नुसत्या खरवडण्याची लाली मधल्या जागेवर दिसते, ती जमेला धरायची नाही. ट्यूबरक्युलिनच्या जागी लाल, टणक उंचवटा आला आणि तो पाच मिलिमीटर किंवा जास्त भरला, तर त्या मुलाचा क्षयाच्या जंतूशी कधीतरी संबंध आला आहे असं धरायचं. ताप नाही, फारशी वेदना नाही, आणि प्रत्येक मुलाच्या हातावर तुलनेची जागा शेजारीच.

त्यांनी रुग्णालयातल्या शेकडो मुलांवर ही तपासणी केली. जी मुलं दुर्दैवाने दगावली त्यांच्या शवविच्छेदनाशी निकाल ताडून पाहिले. मेळ चांगला बसत होता. पण त्यातून जे चित्र पुढे आलं ते धक्कादायक होतं. खोकला नाही, ताप नाही, हसत-खेळत असलेल्या कितीतरी मुलांचे हातही फुगत होते! तान्ह्या बाळांत अगदी थोड्यांचे, शाळकरी मुलांत बऱ्याच जणांचे, आणि चौदा वर्षांपर्यंत तर व्हिएन्नाच्या गरीब वस्तीतल्या बहुतेक सगळ्यांचे.

म्हणजे टीबीचा जंतू अंगात असणं आणि टीबीचा आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू आत शिरतो, शरीर त्याला कोंडून ठेवतं, आणि माणूस पुष्कळदा आयुष्यभर ठणठणीत राहतो. या दडून बसलेल्या अवस्थेला आज आपण लेटंट टीबी म्हणतो, आणि क्षयाच्या संदर्भात हा शब्द रूढ होण्यात पिर्के यांचाच मोठा हात आहे.

निकाल कसा वाचायचा याबद्दलही ते फार सावध होते. तान्ह्या बाळाचा हात फुगला तर ती गंभीर बाब, कारण त्याचा जंतूशी संबंध नुकताच आला आहे आणि त्याचं शरीर अजून लढायला शिकलेलं नाही. तोच निकाल मोठ्या माणसात आला तर त्यावरून आत्ताच्या आजाराबद्दल फारसं काही सांगता येत नाही. एकच गाठ, पण वयाप्रमाणे तिचा अर्थ निराळा.

उलट बाजूही त्यांनी पाहिली. १९०८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की गोवर झाला की आधी फुगणारा हात काही दिवस फुगेनासा होतो! जंतू कुठे गेलेला नसतो, शरीराची ओळखच तेवढ्यापुरती झोपलेली असते, आणि नेमका याच काळात दडलेला क्षय डोकं वर काढतो. क्षयाने अगदी खंगलेल्या मुलांतही निकाल असाच कोरा यायचा. म्हणजे टेस्ट कोरी आली म्हणून जंतू नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. विषाणूच्या आजाराने प्रतिकारशक्ती दबते याची ही पहिली नीट नोंद. गोवर शरीराची जुनी स्मृती कशी पुसतो हे २०१९ मध्ये रक्तातली प्रतिद्रव्यं मोजून दाखवलं गेलं. एचआयव्ही असलेल्यांत ही टेस्ट कोरी येऊ शकते, त्याचं कारणही याच जातीचं.

अमेरिकेची वारी आणि परत घर

या कामाने पिर्के एकदम जगप्रसिद्ध झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगाचे प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि १९०९ मध्ये ते सपत्नीक अमेरिकेत आले. आपल्यासारखेच तेही इकडे आले, काम केलं, आणि परत जायचं की राहायचं या पेचात पडले! १९१० मध्ये ते ब्रेस्लाऊला, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफला, प्राध्यापक म्हणून गेले. १९११ मध्ये एशेरिश वारले आणि गुरूची जागा चालवायला पिर्के व्हिएन्नाला परतले. नवं बालरुग्णालय त्यांच्या हाती आलं. त्याच्या गच्चीवर त्यांनी क्षयाच्या मुलांसाठी उघड्या हवेतला वॉर्ड चालवला. औषध नव्हतंच, तेव्हा सूर्यप्रकाश, हवा आणि अन्न हेच काय ते उपचार.

त्यांचे सहकारी बेला शिक यांनी पुढे, १९१३ मध्ये, त्याच धर्तीवर घटसर्पासाठी चामडीवरची टेस्ट काढली. ते १९२३ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि इथलेच झाले.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं. व्हिएन्नात अन्न नव्हतं, कोळसा नव्हता, आणि मुलं अक्षरशः हाडांचे सापळे झाली होती. अमेरिकेने हर्बर्ट हूव्हर यांच्या देखरेखीखाली मदत पाठवली, आणि ऑस्ट्रियात ती मुलांच्या तोंडापर्यंत पोचवायचं काम पिर्के यांच्याकडे आलं. अन्न थोडं आणि मुलं लाखो. कुणाला आधी द्यायचं? इथेही त्यांनी मोजमापाचाच आधार घेतला. मुलाची बसलेली उंची आणि वजन यांवरून तो किती खंगला आहे हे काढायचं, आणि एक ग्रॅम दूध हे माप धरून प्रत्येक अन्नाची किंमत ठरवायची. हे गणित जरा किचकटच होतं आणि पुढे मागे पडलं. पण त्या वेळी त्यामुळे वशिल्याने नाही तर गरजेप्रमाणे ताट वाढलं गेलं, आणि लाखो मुलं जगली.

त्यांचं नाव नोबेल पुरस्कारासाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं गेलं, पण तो मिळाला नाही. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदासाठीही त्यांचं नाव चर्चेत होतं. बाहेरून पाहता सगळं वैभव होतं. घरात मात्र पत्नी वर्षानुवर्षं आजारी, मूलबाळ नाही, माहेर-सासरचा आधार नाही. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी व्हिएन्नातल्या राहत्या घरी पिर्के पती-पत्नींनी आपलं आयुष्य संपवलं. ते ५४ वर्षांचे होते. सगळं शहर हळहळलं. घरातलं दुखणं बाहेर कुणापाशी बोलायचं नाही, ही रीत काही फक्त आपल्याकडेच नाही.

पट्टीपासून परीक्षानळीपर्यंत

पिर्के यांच्या पद्धतीत एक कमतरता होती. खरवडलेल्या चामडीत नेमकं किती ट्यूबरक्युलिन गेलं ते कळत नसे. १९०८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मांतू यांनी बारीक सुईने मोजून मापून ते चामडीतच टोचायची पद्धत काढली. आपण हातावर करून घेतो ती हीच मांतू टेस्ट. कॉख यांचा अर्क तर नाना पदार्थांची खिचडी होती. फिलाडेल्फियात फ्लॉरेन्स सायबर्ट या बाईंनी त्यातली प्रथिनं वेगळी काढून शुद्ध केली आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत प्रमाण ठरली. इथे टेस्टला पीपीडी म्हणतात ते त्यामुळेच.

टोचल्यावर आत होतं तरी काय? ज्यांनी हा जंतू पूर्वी पाहिला आहे अशा टी पेशी आपल्या रक्तात फिरत असतात. टोचलेल्या जागी ती ओळखीची प्रथिनं दिसली की त्या तिथे जमतात, निरोप धाडून आणखी पेशींना बोलावतात, आणि जागा टणक होते. ही गर्दी जमायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून लगेच हात दाखवून चालत नाही. आणि म्हणूनच लाली नाही, तर टणकपणा मोजायचा असतो.

आता आपल्या मंडळींची अडचण. भारतात जन्मल्यावर बीसीजीची लस टोचतात. ती गुरांच्या क्षयाच्या जंतूला दुबळं करून बनवलेली आहे. माती-पाण्यातही क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ पुष्कळ असतात. या सगळ्यांत आणि खऱ्या क्षयाच्या जंतूत काही प्रथिनं समान आहेत, त्यामुळे हाताला फरक कळत नाही आणि तो फुगू शकतो. पण लहानपणी घेतलेल्या बीसीजीचा हा परिणाम वर्षं जातील तसा ओसरतो. म्हणून गाठ मोठी आली की "ती लशीमुळेच" असं म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

यावर उपाय रक्ताच्या टेस्टमध्ये सापडला. १९९० च्या दशकात कळलं की बीसीजी तयार होताना त्या जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळून पडला आहे. त्या तुकड्यातली दोन प्रथिनं घ्यायची, रक्ताच्या नळीत घालायची आणि रात्रभर उबेत ठेवायची. रक्तातल्या टी पेशींना त्यांची ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. दुसऱ्या दिवशी तो मोजायचा. क्वान्टिफेरॉन म्हणतात ती टेस्ट हीच. दुसऱ्या एका पद्धतीत असा पदार्थ सोडणाऱ्या पेशींचे ठिपके मोजतात. तुलनेसाठी एक कोरी नळी शेजारी ठेवतातच, पिर्के यांनी मधली जागा कोरी ठेवली होती ना, तशी! आणखी एका नळीत टी पेशींना जागं करणारा पदार्थ घालतात. तिथेही काही घडलं नाही, तर प्रतिकारशक्तीच दबलेली असू शकते आणि निकाल धरत नाहीत. गोवराच्या मुलांनी शिकवलेला धडा हाच. ग्रीन कार्डासाठी अमेरिकेतच मेडिकल करणाऱ्या दोन वर्षांवरील सगळ्यांना २०१८ पासून हातावरच्या टेस्टऐवजी अशी रक्ताची टेस्ट लागू झाली.

आणि गंमत म्हणजे तीच दोन प्रथिनं वापरून परत चामडीवरची टेस्टही आली आहे! पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही त्यांतलीच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या जातीच्या टेस्टना मान्यता दिली. प्रयोगशाळा नसलेल्या गावात हातावरची टेस्टच सोयीची.

तरीही एक प्रश्न अजून सुटलेला नाही. हात फुगला किंवा नळीत इंटरफेरॉन आला, म्हणजे शरीराला ओळख आहे. पण ती ओळख आपल्याला वाचवेल का? तमिळनाडूत चिंगलपेट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर बीसीजीची चाचणी झाली. लशीने हात फुगू लागले, पण मोठ्या माणसांना फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळालं नाही. ओळख म्हणजे संरक्षण नव्हे, हे त्या चाचणीने जगाला कळवलं. खरं संरक्षण मोजणारी टेस्ट शोधायचं काम अजून चालूच आहे. पिर्के यांनी आपल्या शब्दात चांगलं-वाईट का ठेवलं नाही, ते इथे पटतं.

आपल्यासाठी

तेव्हा मंडळी, तुमची किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका आणि लपवूही नका. लेटंट टीबी असलेला माणूस दुसऱ्याला टीबी देत नाही. त्याला कुणापासून लांब बसायची, ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. डॉक्टर छातीचा एक्स-रे काढून आणि तपासून आजार नाही ना याची खात्री करतात. तो नसेल तर पुढे कधी होऊ नये म्हणून औषध सुचवतात. पूर्वी हे औषध नऊ महिने घ्यावं लागे. २०२० पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शनात तीन-चार महिन्यांच्या औषधांना पसंती आहे. मधुमेह असेल, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार असतील, तर या टेस्टबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा, कारण कोंडलेला जंतू अशा वेळी बाहेर पडू शकतो. बीसीजी घेतली आहे हे सांगा. जुने निकाल आणि एक-रे जपून ठेवा, म्हणजे प्रत्येक नव्या नोकरीत पहिल्यापासून सुरुवात नको.

आपल्या घरांत टीबी हा शब्द अजूनही दबक्या आवाजात उच्चारला जातो, लग्नाच्या मुलीच्या बाबतीत तर विशेषच. व्हिएन्नात १९०७ साली खेळत्या-बागडत्या मुलांचे हात फुगले तेव्हा पिर्के यांनी त्यांना रोगी ठरवलं नाही. त्यांचा जंतूशी संबंध आला आहे आणि त्यांच्या शरीराने त्याची नोंद ठेवली आहे, एवढंच ते म्हणाले. २०१० मध्ये ऑस्ट्रियाने आपल्या थोर वैद्यांच्या मालिकेत त्यांच्या नावाचं सोन्याचं नाणं काढलं. आपल्याला नाणं मिळो न मिळो, पुढच्या वेळी कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं कानावर आलं तर तेवढंच म्हणायचं, आणि डॉक्टरकडे जायला सोबत हवी का ते विचारायचं.